प्रथमोपचार शिकायला निघताना

आमच्या मुडबीत प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट म्हटलं की लोकांना बसचा कंडक्टर आठवतो. कर्नाटकात कंडक्टरचं लायसन्स आणि बिल्ला काढायचा तर अर्जासोबत प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. महाराष्ट्रातही तसंच आहे. भरती निघणार असं कानावर आलं की गावची पोरं बिदरला नाहीतर कलबुर्गीला जातात, सेंट जॉन अँब्युलन्सचा वर्ग करतात आणि मिळालेला कागद दहावीच्या मार्कशीटमागे फाइलीत लावून ठेवतात. ज्याला बिल्ला नको त्यानेही हे शिकावं, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. मी यंदा ते शिकायचं ठरवलं आहे. माझं वय भरतीचं राहिलेलं नाही. पण वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, तशी माझी खात्री होत गेली की या शिक्षणाची गरज बसमध्ये जेवढी आहे त्याहून जास्त आमच्या विहिरींवर, खळ्यांवर आणि उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या अंथरुणांशेजारी आहे.

मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातलं होबळीचं, म्हणजे महसूल मंडळाचं, गाव. जिल्हा बिदर, पण थोडं दक्षिणेला सरकलं की कलबुर्गी जिल्हा लागतो. आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, सरकारी कागद कन्नडमध्ये. दुखणं मोठं असलं की कुणी बिदरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातं, कुणी कलबुर्गीला, कुणी हायवे धरून उमरगा आणि पुढे सोलापूर गाठतं. कुठल्याही दिशेने निघा, मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचायला तासभर तरी जातोच. कर्नाटकात १०८ ची अँब्युलन्स सेवा १ नोव्हेंबर २००८ ला सुरू झाली आणि तिच्यामुळे आमच्या भागातली कितीतरी बाळंतपणं, कितीतरी अपघात निभावले. तरीही हृदय बंद पडलेल्या माणसाचा हिशोब वेगळा असतो. रक्त थांबल्यापासून चार ते सहा मिनिटांत मेंदूची कायमची हानी सुरू होते. एवढ्या वेळात अँब्युलन्स बंगळुरूतही पोचणं अवघड, मग उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत मुडबीच्या शिवारात कशी पोचेल? ती मिनिटं तिथे हजर असलेल्या माणसाच्याच हातात असतात, मग तो सालगडी असो, शाळेतला मास्तर असो की पाणी भरायला आलेली बाई.

इथे एक गल्लत सगळीकडे होते, ती आधी दूर केलेली बरी. आपण सरसकट म्हणतो, ‘झटका आला आणि गेला’. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने तुंबणं. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दाब जाणवतो, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, कधी नुसती पोटात जळजळ होते. त्याला दवाखान्यात नेण्याइतका वेळ बहुधा असतो आणि तिथे आता उपायही आहे. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा सगळा कर्नाटक हळहळला. त्यांच्याच नावाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने हृदयज्योती योजना सुरू केली. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी दुरून बघायचा आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत द्यायचं, अशी ती रचना आहे. जयदेव संस्थेची शाखा कलबुर्गीतही आहे. छातीत दुखलं की सोडा पिऊन पडून न राहता लगेच निघायचं, एवढं जरी घरोघर कळलं तरी या योजनेचं चीज होईल.

कार्डियाक अरेस्ट ही त्यापुढची, वेगळी गोष्ट. यात हृदयाची वीजच बिघडते. ते नुसतं थरथरत राहतं किंवा पूर्ण थांबतं. माणूस कोसळतो, हाक दिली तरी हलत नाही, श्वास बंद होतो किंवा मासा पाण्याबाहेर करतो तसे अधूनमधून आचके देतो. या आचक्यांनी फार घात होतो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, आणि तो पाणी शिंपडत, कांदा हुंगवत बसतो. प्रशिक्षणात पहिल्याच तासाला हे शिकवतात: हाक मारून, खांदे थोपटून प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, तर अरेस्ट समजायचा. नाडी शोधत बसायचं नाही. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने छाती दाबायला घ्यायची.

छाती दाबायची म्हणजे काय, हे वाचून समजतं, पण दाबून बघितल्याशिवाय येत नाही. माणसाला बाजेवरून किंवा गादीवरून उचलून कडक जमिनीवर उताणं झोपवायचं, कारण गादीवर दाब गादीतच जातो. छातीच्या मधोमध, बरगड्या जिथे जुळतात त्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. दाब किमान पाच सेंटीमीटर खोल जायला हवा, सहाच्या पुढे नको. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण त्या क्षणीच हृदयात रक्त परत भरतं. हे नीट जमलं तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्साच मेंदूपर्यंत जातो. तेवढ्यावर मेंदू तग धरतो. धडधाकट माणूसही दोन मिनिटांत दमतो आणि दाब उथळ होऊ लागतो, म्हणून दोन मिनिटांनी हात बदलायचे. गावात माणसं पटकन जमतात. त्या गर्दीतल्या चार जणांना जरी हे येत असलं, तरी अँब्युलन्स येईपर्यंत पाळी लावून ते चालू ठेवता येईल. एकट्यादुकट्याच्या सर्टिफिकेटने हे होणार नाही.

आज जे इतकं साधं दिसतं ते १९५८ पर्यंत फारसं कुणाच्या वापरात नव्हतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विजेच्या धक्क्याने हृदय चालू करण्याचे प्रयोग कुत्र्यांवर सुरू होते. गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबून धरल्या की, वीज सोडण्याआधीच, कुत्र्याचा रक्तदाब वर सरकतो. निरीक्षण एवढंच होतं, पण त्याने ते सोडून दिलं नाही. तोवर थांबलेलं हृदय चालू करायचं तर सर्जनने छाती उघडून हृदय हातात धरून दाबावं लागे. विल्यम कौवेनहोवन, जेम्स ज्यूड आणि निकरबॉकर यांनी जुलै १९६० मध्ये वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की आता हे काम कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, त्याला दोन हात पुरेत. विजेचा अभियंता असलेल्या कौवेनहोवनच्या प्रयोगशाळेतून, शस्त्र न लावता जीव राखण्याची ही रीत बाहेर पडली, हे मला फार मोठं वाटतं.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने पुढाकार घेऊन इंडियन रिससिटेशन कौन्सिल उभी केली आणि २०१७ मध्ये आपल्या देशापुरत्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दवाखान्याबाहेर सामान्य माणसाने फक्त छाती दाबावी, तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नये, असं त्यात सुचवलं आहे. ‘सीओएलएस’ या नावाने त्याचे वर्ग होतात, मेडिकल कॉलेजांचे भूलशास्त्र विभाग ते घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाने देशभर एकाच दिवशी अशी जनजागृती केली. या धोरणामागचा विचार बरोबर आहे. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबतं तेव्हा त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. सुरुवातीची काही मिनिटं ते रक्त फिरवत ठेवणं महत्त्वाचं. श्वास देण्याच्या धास्तीने लोक हातच लावत नसतील, तर फक्त दाबा म्हणणं शहाणपणाचं. ज्याने काहीच शिकलेलं नाही, त्याने दाबायला सुरुवात करावी. त्यात दुमत नाही.

पण आमच्या भागात माणसाचा श्वास कशाकशाने थांबतो, याची उजळणी केली की वाटतं, एवढ्यावर थांबून चालणार नाही.

विहिरीपासून सुरुवात करतो. एप्रिल-मे मध्ये शाळा सुटल्या की पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून एखादं पोर बुडाल्याची बातमी येते. बुडालेल्याचं हृदय आधी थांबत नाही. आधी श्वास कोंडतो, रक्तातला प्राणवायू संपतो आणि मग हृदय थकून थांबतं. अशा वेळी नुसती छाती दाबणं म्हणजे प्राणवायू नसलेलं रक्त फिरवणं. म्हणून बुडालेल्याला बाहेर काढताच आधी श्वास द्यायचे आणि मग दाब आणि श्वास, तीस दाबांमागे दोन श्वास, असं चालू ठेवायचं, असं जगभरच्या सूचना सांगतात. आपल्याकडे काय होतं? पाय धरून उलटं लटकवतात, खांद्यावर आडवं टाकून गरगर फिरवतात, पोटावर दाब देऊन पाणी काढतात. पाणी पोटातलं निघतं. त्यासोबत आलेली उलटी फुप्फुसात उतरते आणि हाती असलेली मिनिटं जातात. २०२२ मध्ये बळ्ळारी जिल्ह्यात बुडालेल्या एका मुलाला आईबापांनी मोबाइलवरच्या संदेशावर विश्वास ठेवून तासन् तास मिठात पुरून ठेवलं होतं. ती बातमी वाचून मला त्या आईबापांचा राग आला नाही. त्यांना कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं आणि त्यांनी ते जीव तोडून केलं. बरोबर काय ते सांगणारं माणूस त्या वेळी जवळ नव्हतं.

मग वीज. मृगाच्या आधी वळवाचा पाऊस येतो तेव्हा बिदर, कलबुर्गी आणि पलीकडच्या लातूर-धाराशिवच्या शिवारांत विजा पडून माणसं आणि जनावरं मरतात. झाडाखाली एकाच वेळी तिघेचौघे पडतात. विजेबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. दुसरी गोष्ट नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे: अनेक जण पडले असतील तर आधी निपचित पडलेल्याकडे धावायचं. कण्हणारा, हलणारा माणूस बहुधा वाचतो. निपचित पडलेल्याचं हृदय विजेच्या दणक्याने क्षणभर थांबून पुष्कळदा आपणहून चालू होतं, पण श्वासाचं केंद्र सुन्न राहतं आणि श्वास न मिळाल्यामुळे ते हृदय पुन्हा थांबतं. मधल्या काळात कुणी श्वास दिला तर तो माणूस उठून बसू शकतो.

मोटारीचा करंट याहून फसवा. आमच्याकडे पंपाला थ्री फेज वीज कित्येकदा रात्रीच मिळते. ओल्या पायांनी, बॅटरीच्या उजेडात स्टार्टरला हात लावायचा, आणि तो चिकटला की त्याला ओढायला भाऊ धावतो, भावाला ओढायला बाप. एका जागी दोन-दोन जीव जातात. म्हणून प्रशिक्षणात श्वास आणि छाती यांच्याही आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायला शिकवतात. आधी मेन स्विच. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला सारायची. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण भाऊ तडफडताना दिसत असताना आठवावं, यासाठी आधी ते सरावात करून बघावं लागतं.

आणि मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि हळूहळू श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय चालू असतं, शुद्धही असू शकते, फक्त श्वास घेता येत नाही. पान लागलेल्याला देवळात बसवून ठेवण्याने, दोरी आवळण्याने, ब्लेड मारण्याने काही साधत नाही. आवळलेल्या दोरीने पाय मात्र जाऊ शकतो. त्याला धीर द्यायचा, चावलेला भाग फळी बांधून हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडे निघायचं. वाटेत जीपमध्ये श्वास थांबला, तर दवाखाना येईपर्यंत त्याचा श्वास कुणीतरी चालू ठेवला पाहिजे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची प्रत्येक घटना सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक केलं. त्या नोंदीत पडणाऱ्या माणसांपैकी किती जण दवाखान्याच्या वाटेवर श्वास कोंडून जातात, हा प्रश्न मला सोडत नाही.

तूर आणि सोयाबीनवरच्या फवारणीचं विष हे त्यातलं सर्वांत अवघड प्रकरण. फवारणी करताना कुणी पडतो, कुणी रागाच्या भरात औषध पितो. आपण मिठाचं पाणी पाजून उलटी करवतो. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी श्वासनळीत जाते, म्हणून तसं करायचं नाही. अंगावरचे कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं, औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्यायची. आणि इथे तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, कारण ओठांवरचं विष देणाऱ्याच्याही पोटात जाऊ शकतं. सोबत श्वास देण्याचा झडपेचा मास्क असेल तर ठीक, नाहीतर फक्त छाती दाबायची. श्वास कुणाला द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही, हे ठरवता यायला शिक्षण लागतं. मोबाइलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून छाती दाबता येईल. बुडालेला, वीज पडलेला, मण्यार चावलेला आणि औषध पिलेला, या चौघांमधला फरक त्यातून कळणार नाही. वर्गात जाऊन, परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं मी ठरवलं, ते मुख्यतः या कारणाने.

पूर्वीच्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९५० च्या दशकापर्यंत साऱ्या जगाच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत बुडालेल्याला पालथं झोपवून पाठ दाबायला किंवा हात वर-खाली ओढायला शिकवत. पीटर सफर हा व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला भूलतज्ज्ञ. जेम्स एलम या सहकाऱ्याबरोबर झालेल्या चर्चेतून त्याला या पद्धतींची शंका आली आणि त्याने बाल्टिमोरमध्ये तिचा छडा लावला. स्वयंसेवकांना औषध देऊन त्यांचा श्वास थांबवला आणि कुठल्या रीतीने किती हवा आत जाते ते मोजलं. पाठ दाबून हवा जवळजवळ जातच नव्हती, कारण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद करते. डोकं मागे कलवून हनुवटी वर उचलली की घसा मोकळा होतो आणि साध्या फुंकरीनेही छाती वर येते. हे काम सामान्य माणसं करू शकतात का, हेही त्याने साध्या लोकांकडून करवून बघितलं. त्यांना जमलं.

मग सराव कशावर करायचा हा प्रश्न आला, कारण जिवंत माणसाची छाती दाबून शिकता येत नाही. नॉर्वेत आस्मुंड लेर्दाल हा खेळण्यांचा कारखानदार मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करत असे. त्याचा स्वतःचा लहान मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. त्याने १९६० मध्ये माणसाच्या आकाराची बाहुली केली आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसमधल्या सेन नदीत बुडून गेलेल्या एका अनोळखी मुलीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा. ‘रिससी अ‍ॅन’ हे त्या बाहुलीचं नाव. आज बिदर, कलबुर्गी किंवा सोलापूरच्या वर्गात जी पुतळी जमिनीवर झोपवलेली असते, ती तिचीच वारस.

या पुतळीला जात नसते, ती बाई की पुरुष हेही कुणी बघत नाही, म्हणून तिच्यावर सगळे बिनधास्त शिकतात. अडचण खऱ्या माणसाशी येते. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, अमक्या घरच्या माणसाच्या तोंडाला तोंड कसं लावायचं, हे प्रश्न गावात मोठ्याने विचारले जात नाहीत, पण हात त्यामुळेच थबकतात. बाईच्या छातीवर हात ठेवायला बघे कचरतात, हे परदेशांतल्या पाहण्यांतही दिसलं आहे. म्हणून आमच्या गावातल्या आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी ताई आणि बचतगटातल्या बायकांनी हे शिकणं मला पुरुषांच्या शिकण्याइतकंच तातडीचं वाटतं. आणि शिवण्याचं म्हणाल, तर आम्ही कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, मातीतली माणसं आहोत. बाराव्या शतकात तिथेच शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांनी, जातीची पंगत मोडली, वेगवेगळ्या जातींच्या हरळय्या आणि मधुवरस यांच्या घरांत सोयरीक घडवली आणि त्याची किंमत जिवाने मोजली. त्या भूमीत कुणाचा श्वास जातीमुळे थांबून राहू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्याला संसर्गाची भीती आहे त्याच्यासाठी झडपेचा छोटा मास्क मिळतो, तो खिशात मावतो.

दुसरी भीती पोलिसांची. ‘मदत करायला गेलो आणि माणूस गेला तर?’ याला आता कायद्याने उत्तर दिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या निकालाने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. वाहन अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, त्यात इजा झाली किंवा माणूस दगावला तरी, खटला चालत नाही. नाव सांगण्याची सक्ती नाही. कर्नाटकाने तर यासाठी स्वतंत्र कायदा केला, २०१६ चा. त्याला २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. छाती दाबताना कधी बरगडी मोडते, तेही ऐकून ठेवावं. मोडलेली बरगडी जुळते.

आता पुन्हा त्या बिल्ल्याकडे येतो. नोकरीसाठी, नाइलाजाने घेतलेलं प्रशिक्षण फुकट जातं, असं आपण धरून चालतो. डेन्मार्कचा अनुभव वेगळा आहे. तिथे २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून ड्रायव्हिंग लायसन्ससाठी हे प्रशिक्षण सक्तीचं झालं. इतरही उपाय सोबत झाले. २००१ मध्ये दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्या दर शंभरांतल्या एकवीस जणांना बघ्यांकडून मदत मिळत होती. २०१० पर्यंत ते प्रमाण पंचेचाळीसच्या घरात गेलं. महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर आलं. म्हणजे लायसन्सशी जोडलेला कागदही जीव वाचवू शकतो, शिकवणाऱ्याने खरोखर शिकवलं आणि घेणाऱ्याने हात चालवले तर. आपल्याकडे कंडक्टरचं सर्टिफिकेट ही तशीच तयार वाट आहे. मे २०२३ मध्ये बंगळुरूहून चिकमगळूरला निघालेल्या बसमध्ये एका महिला कंडक्टरने प्रवासी बाईचं बाळंतपण निभावलं होतं. अशी माणसं प्रत्येक बसमध्ये असू शकतात. आणि ज्या वाटेने कंडक्टर जातो त्याच वाटेने काळी-पिवळी जीपवाले, ट्रॅक्टरवाले, शाळेच्या बसचे ड्रायव्हर यांनाही नेता येईल.

डेन्मार्कचे ते आकडे नीट बघितले तर आणखी एक गोष्ट कळते. इतकं सगळं करूनही शंभरांतले एकोणनव्वद जण वाचले नाहीत. शिकणाऱ्याला हे आधीच ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच प्रसंगी तो स्वतःला दोष देत आयुष्यभर बसेल. छाती दाबण्याने थांबलेलं हृदय आपणहून चालू होणं विरळा. त्याला बहुधा विजेचा नेमका धक्का लागतो. तो देणारं, स्वतः बोलून सूचना करणारं एईडी यंत्र आमच्या भागात बसस्टँडवर किंवा बाजारात बघायला मिळत नाही. ते येईपर्यंत, किंवा यंत्र असलेली अँब्युलन्स येईपर्यंत, वेळ मिळवणं एवढंच आपल्या हातात. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते; कुणी दाबत राहिलं तर ही घसरण मंदावते.

कुठे शिकायचं? सेंट जॉन अँब्युलन्स ही संघटना १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये निघाली, खाणी आणि रेल्वेतल्या कामगारांना शिकवत वाढली आणि पुढे इथे रुजली. तिचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. त्यात जखम, भाजणं, हाड मोडणं, विषबाधा, सर्पदंश, सगळं येतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानुसार दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित माणूस लागत असे; कारखान्यात ते आजही कामी येतं. साखर कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे दोन वर्षांचे कोर्स हैदराबाद, पुण्यासारख्या मोठ्या शहरांत होतात, ते हृदय आणि श्वासापुरते पक्के असतात, पण महाग. मेडिकल कॉलेजांचे सीओएलएसचे वर्ग छोटे आणि सुरुवातीला उत्तम. आमच्यासारख्या गावाला मी सेंट जॉन किंवा रेडक्रॉसचा पूर्ण कोर्स सुचवीन.

नाव नोंदवण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पुतळी किती जणांत एक आहे आणि प्रत्येकाला ती स्वतः दाबायला मिळणार का? श्वास देणं शिकवतात की फक्त दाब? लहान मुलाची आणि तान्ह्या बाळाची रीत वेगळी असते, मुलाला एका हातानेही पुरतं, बाळाला दोन्ही अंगठ्यांनी छातीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं दाबायचं असतं; ते करून घेतात का? शेंगदाणा किंवा नाणं घशात अडकलं तर पाठीवर थापा आणि पोटावर झटका कसा द्यायचा, ते? शिकवणारा कन्नडमध्ये शिकवणार की हिंदीत, आणि मराठीत शंका विचारल्या तर चालतील का? घरबसल्या, प्रश्नांवर खुणा करून मिळणारं सर्टिफिकेट घेऊ नये, हात न चालवता हे येत नाही.

हाताला आलेली ही विद्या तीन ते सहा महिन्यांत मंदावते, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. दाबाचा वेग आणि खोली आधी चुकू लागते. सर्टिफिकेटवरची तारीख दोन किंवा तीन वर्षांची असली तरी सराव त्याआधी व्हायला हवा. म्हणून गावातून निदान आठ-दहा जणांनी एकत्र जावं असा माझा प्रयत्न चालू आहे: पंपावर रात्री जाणारे दोघे, फवारणीच्या टोळीतला एक, जीपवाला, शाळेतले शिक्षक, आशाताई आणि बचतगटातल्या दोघी. एवढे जण असले तर वर्ग घेणाऱ्यांना मुडबीतच या म्हणून विनंती करता येते, आणि पुढे सुगी आटोपल्यावर व मृगाच्या आधी, असा वर्षातून दोनदा शाळेच्या हॉलमध्ये सराव ठेवता येईल. उन्हाळी सुट्टीत पोरं विहिरीवर जाऊ लागण्याआधी पहिली तुकडी तयार व्हावी, अशा बेताने आम्ही तारीख बघतो आहोत.